काखेतलं कलिंगड

“नोए, हे उभंच ठेवायचं हं! आडवं केलं की आतला रस तोंडाशी येऊन बसतो. आणि गारठ्यात तर मुळीच नको. काकवीसारखा घट्ट होतो, भोक बुजतं, मग बसा ओढत!”

व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, घरात आला त्या दिवशी देर्लिसने बायकोला हे अगदी बजावून सांगितलं होतं. नोएलियाने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. ती काय अडाणी होती? रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई! रस घट्ट कसा होतो हे टायरच्या दुकानातल्या नवऱ्याने तिला शिकवायचं? शिवाय त्या वेळी तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही वस्तू आब्रिलच्या हाताला लागता कामा नये!

आब्रिल म्हणजे त्यांची सव्वा वर्षाची लेक. जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून तपासण्याची नोकरी तिला कोणीतरी दिली असावी, आणि ती सुट्टी न घेता करत होती. नोएलियाने टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधले होते, कपाटांना दोऱ्या बांधल्या होत्या, आणि कुत्र्याच्या शेपटीला काही बांधता येईल का, यावर तिचा विचार चालू होता. बाळ घरी आलं त्याच दिवशी तिने फर्मान काढलं होतं: या घरात धूर बंद! देर्लिसच्या सिगारेटी गेल्या. सासूबाईंचा, म्हणजे ब्लासिदाबाईंचा, पन्नास वर्षांचा चिरूटही गेला. देर्लिसने वर्षभर कुरकुर केली आणि शेवटी आधाराला हा व्हेप आणला. लिपस्टिकएवढा, गुलाबी, कलिंगडाच्या वासाचा. सासूबाईंनी मात्र हातातला चिरूट चुलीत टाकला, हात झटकले आणि कांदा चिरायला बसल्या.

व्हेप राहायचा फ्रीजच्या डोक्यावर, कान तुटलेल्या कपात, उभा. नोएलिया त्याच्याकडे रोज डोळे बारीक करून बघायची. बाजूच्या खिडकीतून रस थोडा उतरलेला दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे गडी इथेच ओढतोय, कोपऱ्यावरच्या टपरीवर सुटी सिगारेट मागायला जात नाही! देर्लिस आणि ती टपरी यांच्यामध्ये एवढी एकच भिंत होती, आणि तीही प्लास्टिकची.

रविवारी आब्रिलने स्टूल ढकलत ढकलत फ्रीजपाशी नेलं आणि त्यावर चढली. नोएलियाने धावत जाऊन तिला खाली उतरवलं. त्याच मिनिटाला तिने व्हेप उचलला आणि बाळाच्या बापाचाही हात सहज पोचणार नाही अशा जागी लपवला. फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे!

सोमवारी सकाळपासून सासूबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. कढई आपटली, कुत्र्याला रागावल्या, रेडिओवरच्या बाईला रागावल्या.

“फ्रीजवरचा कप कुठे गेला गं?”

“धुवायला टाकला, आई. हवाय का?”

“मला कशाला हवा? विचारलं आपलं!” म्हणून त्या अंगणात निघून गेल्या. ऊन चढलंय, नोएलियाने मनाशी म्हटलं. फेब्रुवारीतल्या भर उन्हाळ्यात एन्कार्नासिओनमध्ये माणसाची कढईच होते.

दुपारी तेरेरेला, त्या गार पाल्याच्या चहाला, बर्फ हवा म्हणून तिने फ्रीजर उघडला आणि ती जागच्या जागी थिजली. ट्रेमागे व्हेप आडवा पडला होता. आडवा! तोही गारठ्यात! एकाच बैठकीत दोन्ही गुन्हे! अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखा बर्फ, आणि तोंडाशी एक चिकट गुलाबी थेंब.

तिने तोंड कापसाने पुसलं. स्वतः ओढून बघायची सोय नव्हती, अंगावर पाजणारी बाई ती. मग तिला आब्रिलचं नाक साफ करायचा रबरी पंप आठवला. पंप दाबून व्हेपच्या तोंडाला लावला आणि सोडला. पंप चेपला तो चेपलेलाच! रुसलेल्या पाहुण्यासारखा! हवेचा कणसुद्धा आत जाईना.

देर्लिस जेवायला येण्याची वेळ झाली होती. आल्या आल्या तो फ्रीजवर हात नेणार, दोनदा ओढणार, काहीच येणार नाही. मग चपला पायात, आणि थेट टपरी! नोएलियाला तर त्याच्या ओठात पेटलेली सिगारेटसुद्धा दिसायला लागली.

टाचणी घालावी? छे, आतली तार तुटायची. गरम पाण्यात? बॅटरी आहे, स्फोट व्हायचा. उन्हात ठेवावा? तिथेही तेच. पदवी डोक्यात जोरजोरात धावायला लागली. हवी होती एक मंद, एकसारखी ऊब. बाईच्या अंगाची! तिने ब्लाऊजच्या गळ्यातून हात घातला आणि तो बर्फाचा तुकडा काखेत दाबून धरला.

आई गं! दात वाजायला लागले, अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाई बर्फ का येत नाही हे बघायला स्वयंपाकघरात आल्या.

आता तुम्हीच सांगा. सून भिंतीला टेकून उभी. एक हात अंगाशी घट्ट आवळलेला. दातांचा ताशा चाललेला. त्या घरात काखेत घालायची वस्तू एकच होती.

“किती आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“क... काय किती?”

“ताप गं! थंडी वाजतेय?”

“वाजतेय,” नोएलिया म्हणाली, आणि हे अक्षर न् अक्षर खरं होतं.

बाकीचंही तिला खरं सांगता आलं असतं. पण सांगितलं की सासूबाई लेकाला सांगणार, आणि लेक टपरी गाठणार. म्हणून ती म्हणाली, “अजून झालं नाही, आई. पाच मिनिटं राहू दे.”

पाच मिनिटं? सासूबाई तेवढ्यात कुंपणाशी पोचल्यासुद्धा!

“एलादिया! अगं ए एलादिया! आमच्या सुनेला डेंगी झालाय!”

गल्लीतून सकाळीच भोंग्याची गाडी ओरडत गेली होती, साठलेलं पाणी ओता म्हणून. त्यामुळे शेजारच्या एलादियाबाई नुसत्या आल्या नाहीत, चढाई करून आल्या. त्यांनी नोएलियाला आंब्याखालच्या झोळीत निजवलं आणि वर मच्छरदाणी टाकली. मग कुंड्या उपड्या केल्या, कुत्र्याचं भांडं ओतलं, बादल्या ओतल्या. काकुपेच्या जत्रेतून आणलेलं पवित्र पाणी बाटलीत होतं, तेही ओतलं.

“अगं, ते देवीचं होतं!” सासूबाई कळवळल्या.

“डासाला काय कळतं देवीचं की नळाचं?” एलादियाबाई म्हणाल्या आणि पपईची पानं वाटायला बसल्या. “आणि हिला तेरेरे द्यायचा नाही हं. एकच नळी सगळ्यांच्या तोंडात जाते. बाळालाही जवळ जाऊ देऊ नका!”

“माझं बाळ!” नोएलिया मच्छरदाणीतून ओरडली.

“बघ, बडबडायला लागली. ताप डोक्यात चढला.”

काखेत आता चांगलीच ऊब आली होती. इतकी, की व्हेपमधला रस पाघळायला लागला. ब्लाऊजमधून एक गोड, ओला वास हळूहळू मच्छरदाणीबाहेर पसरला. एलादियाबाईंनी वाटता वाटता नाक वर केलं.

“ब्लासिदा, हिच्या घामाला कलिंगडाचा वास येतोय.”

“काहीतरीच तुझं!”

“घे, वास घेऊन बघ! माझ्या मावसभावाच्या घामाला लोखंडाचा यायचा. हा काहीतरी नवाच ताप आहे. देर्लिसला फोन लाव.”

सासूबाई वाकल्या. त्यांनी एकदा वास घेतला. मग पुन्हा एकदा, जरा लांब. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या डोक्याकडे पाहिलं.

फोन एलादियाबाईंनीच लावला. तिकडे देर्लिसच्या कानात काय पोचलं देव जाणे, पण पाच-सात मिनिटांत त्याची मोटारसायकल अंगणात घुसली, उपड्या कुंडीला आपटली आणि थांबली. डोक्यावर हेल्मेट तसंच, औषधाच्या दुकानातल्या मीठ-साखरेच्या पुड्यांनी भरलेले खिसे, आणि तोंड पांढरंफटक.

“नोए! कसं वाटतंय? बोल ना काहीतरी!”

बापाचा आवाज ऐकताच आब्रिल एलादियाबाईंच्या मांडीवरून निसटली, धावत झोळीपाशी आली आणि तिने आईकडे दोन्ही हात पसरले. लेकराने हात पसरल्यावर कुठली आई एकच हात पुढे करते? नोएलियानेही दोन्ही हात उचलले.

टक्!

ब्लाऊजच्या खालून गुलाबी व्हेप फरशीवर पडला, बरोबर आब्रिलच्या पायाशी. आब्रिलचे डोळे चमकले. नोएलिया किंचाळली, पण मच्छरदाणीत गुरफटून तिथेच लोंबकळली. देर्लिसला हेल्मेटमधून खालचं काही दिसेना. आणि ज्यांचा गुडघा चर्चमध्ये देवापुढेसुद्धा वाकत नव्हता, त्या सासूबाई घारीसारख्या झेपावल्या आणि त्यांनी नातीच्या चिमुकल्या बोटांखालून तो उचलला!

 आब्रिलने भोकाड पसरलं.

“हा... हा थर्मामीटर?” एलादियाबाई म्हणाल्या.

“नाही हो!” नोएलियाचा बांध फुटला. “मी फ्रीजरमध्ये ठेवला! आडवा! तो तुंबला, देर्लिस! आब्रिलच्या हाती लागू नये म्हणून रे... पण तू टपरीवर जाऊ नकोस. मी नवीन आणते, आत्ता आणते. पण सिगारेटला हात लावू नकोस!”

देर्लिसने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा कधी नव्हे इतका गोंधळलेला होता.

“मी? मी कशाला टपरीवर जाऊ? अगं, मी हे ओढणंसुद्धा केव्हाच सोडलंय. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर हात लावलेला नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू गावभर पेढे वाटले असतेस. आणि मग मी परत ओढली असती तर? म्हटलं, आधी जमतंय का बघू.”

नोएलियाने मच्छरदाणीतून डोकं बाहेर काढलं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण तिचा लक्ष ठेवणारा स्वभाव आनंदाच्याही पुढे धावला.

“थांब जरा. मग तो रस रोज कमी कसा होत होता?”

एलादियाबाई पपईच्या वाटणाकडे बघायला लागल्या. देर्लिस हेल्मेटकडे.

आंब्याखाली सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी व्हेप तळहातांत घोळवला. तोंड खाली करून एप्रनवर हळूच दोनदा आपटला. कोपऱ्याने पुसला. “जोरात ओढायचं नसतं,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “रस आणखी वर चढतो. छोटे छोटे दोन घ्यायचे.” आणि पन्नास वर्षांच्या सवयीने, अगदी नकळत, त्यांनी ते छोटे छोटे दोन घेतले. दोन्ही नाकपुड्यांतून कलिंगडाचा सुबक ढग बाहेर आला आणि आंब्याच्या पानांत शिरला.

“झाला मोकळा,” त्यांनी जाहीर केलं. मग वर बघितलं.

“आई!” नवरा-बायको एकदमच म्हणाले.

“काय आई? धूर बंद म्हणालीस ना? हा धूर नाही, वाफ आहे. तूच त्याला समजावत होतीस, मी ऐकलंय.” त्यांनी व्हेप आब्रिलपासून लांब, उंच खिडकीत उभा ठेवला आणि तेरेरेचा पेला पुढे ओढला. पाणी ओतता ओतता त्या साध्याच आवाजात म्हणाल्या, “याला तुम्ही सगळे रोज विचारायचात. देर्लिस, जमतंय का? देर्लिस, त्रास होतोय का? मला कोणी विचारलं का गं?”

 नोएलिया झोळीतून उतरली आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली. एलादियाबाईंनी तिच्या हातात पपईच्या पानांचा रस ठेवला. वाटलाच आहे तर वाया कशाला घालवायचा! कडू जहर. नोएलियाने तो निमूटपणे, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

सध्या सासू-सुनेचं रोज संध्याकाळी आंब्याखाली बसणं होतं. व्हेप किती कमी करायचा हे दोघी मिळून ठरवतात, आणि भांडणं देर्लिस सोडवतो.

नोएलियाचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल, ज्याने तुमच्या एका शब्दावर काहीतरी सोडलं आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हे वाचून झालं की जरा उठा, त्यांच्याकडे एकदा बघून या. कसं चाललंय, ते विचारा.

फक्त खोलीत शिरण्याआधी जरा खोका. हातातलं लपवायला त्यांना वेळ हवा ना!