गुल्हाने मास्तरांची चिनी मडम

गुल्हाने मास्तरांनी जन्मात चिमूटभर तपकीर ओढली नाही, पण तपकिरीच्या कुपीशिवाय ते घराबाहेर पडत नसत. अकोल्याहून माझी बदली झाली आणि अमरावतीला राजापेठेत आम्ही बिऱ्हाड मांडलं, त्याच दिवशी ते आले. ना नाव सांगितलं, ना गाव. कोटाच्या खिशातून बोटभर उंचीची कुपी काढली आणि थेट माझ्या आईच्या नाकासमोर धरली. कुपीवर उघड्या गळ्याची गोरी मडम!

"अगं माय वं!" म्हणत आई जी आत गेली, ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही.

"काहून गेल्या बापा ह्या?" मास्तर मला म्हणाले. "नीट पाह्यलंच नाही त्यायनं."

हे आमचे शेजारी. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत, घरी एकटे राहत. कॅम्पातला कुणी साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात मास्तर खुर्ची घ्यायला गेले आणि ही कुपी घेऊन आले. पाहुण्याला बसायला त्यांच्याकडे शेवटपर्यंत पोतंच होतं.

कुपी जुनी, चीनमधली. तांब्यावर मिन्याचं काम.

"चीनच्या बादशाच्या पदरी विलायती पाद्री चितारी होते," मास्तर सांगत. "सावली कशी टाकाची, हे त्यायनं चिन्यायले शिकवलं. पाहा, गालावर रेघ नाही, नुसते ठिपके! अन् डोये पाहा. चिनी! काढणाऱ्यानं मडम कधी पाह्यलीच नसन, भाऊ. कागदावरच्या चित्रावरून काढली."

आपण बघायला लागलो की वरून ओरडत, "डोये नोका वटारू, पाहा!"

एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींच्या हातात भिंग दिलं आणि कुपी पुढे केली. भटजींचं "सावधान" अर्ध्यावरच राहिलं. अक्षता मुठीत धरून सगळा मांडव ताटकळला! मास्तर मात्र शांतपणे त्यांना मडमेच्या हनुवटीखालची सावली दाखवत होते.

माणसांकडेही ते असंच बघत. आमचा बाळ चार महिन्यांचा असताना दोनदा आले. दोन्ही वेळा पाळण्याशी मांडी घालून बसले आणि घटकाभर पापणी न हलवता बघत राहिले. दुसऱ्यांदा ते गेल्यावर आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

त्याच उन्हाळ्यात बाळाला ताप आला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आई मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुमच्याच डोयानं खाल्लं माह्या लेकराले!" ती भर गल्लीत म्हणाली. मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले. त्यानंतर ते आमच्या दारावरून जाईनासे झाले.

बाळाचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. बायको रात्रंदिवस तेवढंच म्हणायची, "चेहरा विसरून जाईन मी त्याचा."

महिनाभराने मास्तर उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. आत येईनात. रुमालात गुंडाळलेलं पोस्टकार्डाएवढं चित्र त्यांनी माझ्या हातात दिलं. मी रुमाल सोडला. आमचा बाळ होता तो! गालांना रेघ नव्हती, बारीक ठिपक्यांनी ते उजळले होते.

"दोनदाच पाह्यलं मी त्याले," मास्तर पुटपुटले. "काही चुकलं असन तर वहिनीले विचारा. सुधरवतो."

बायकोने चित्र घेतलं. उजेडाकडे धरून पाहिलं. मग म्हणाली, "कान जरा मोठे होते."

मी हाताला धरून मास्तरांना आत आणलं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. ते कान काढत असताना आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. बघता बघता पुढे आली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"हासला म्हणजे गालाले खळी पडे," ती म्हणाली.

मास्तरांनी वर न बघता विचारलं, "कोणत्या?"

आईने स्वतःच्या डाव्या गालावर बोट टेकवलं आणि ते तिथंच धरून ठेवलं.