टोमॅटोच्या वाफ्यातली परीक्षा

गुरुवारी सकाळी टोमॅटोच्या वाफ्याची माती मोकळी करून तपासनिसाच्या बायकोनं नळाखाली हात धरले, आणि तिच्या लक्षात आलं की बोटात अंगठी नाही. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. अंगठी तिची एकटीची असती तर दोन दिवस रडून ती गप्प बसली असती. पण ही तिच्या आईची. आईमागे दोघी बहिणींना मिळून ही एकच अंगठी, म्हणून ती वर्षभर ताईकडे आणि वर्षभर हिच्याकडे राहायची, आणि आईच्या वाढदिवशी बोट बदलायची. आईची साखळीही दोघींचीच, पण ती ताईनं लॉकरमध्ये ठेवली होती. वाढदिवस रविवारी होता. ताई येणार होती, आणि ताई वस्तू विसरणाऱ्यांपैकी नव्हती.

नवरा-बायकोनं पहिली गोष्ट ठरवली ती अशी, की हे आबांना कळता कामा नये. आबा म्हणजे तपासनिसाचे वडील. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. मागे एका भाच्यानं बायकोचा वाढदिवस तिला न कळू देता करायचा घाट घातला होता, तेव्हा ‘मी किती वाजता येऊ?’ असं विचारायला आबांनी थेट त्या बायकोलाच फोन लावला होता. ताईशीही त्यांचं दिवसाआड फोनवर बोलणं होई. ते हवापाण्यापासून सुरू होऊन घरातल्या गाद्या-उशांपर्यंत जाई.

आता मातीत पडलेली वस्तू शोधायला दुसऱ्या कुणी चाळणी घेतली असती. पण तपासनीस कुकरच्या कारखान्यात शिट्ट्या तपासायचा. घरात झाडू आणायचा तरी तो तीन प्रकारचे आणून तीन खोल्यांत चालवून बघे, आणि तिन्हींत खोट काढून जुनाच वापरायला सांगे. त्यामुळे संध्याकाळी तो कामावरून आला तो तीन मेटल डिटेक्टर घेऊनच. एक जमिनीखालचे पाइप शोधणाऱ्या कंत्राटदाराकडून मागून आणलेला, लांब दांड्याचा. एक दुकानातून भाड्यानं. आणि एक कारखान्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्याचा, हातात धरायचा. आकारावरून त्यानं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावंही देऊन टाकली. कारखान्याला असं एक यंत्र घ्यायचंय, त्याची चाचणी आहे, असं आबांना सांगण्यात आलं.

“यातलं कुठलंही एक घ्या आणि लागा शोधायला,” बायको म्हणाली.

“आणि यंत्रच खराब असलं तर? ते सांगणार अंगठी नाही, आणि आपण विश्वास ठेवणार. आधी यंत्र तपासायचं, मग माती.”

त्यासाठी सोन्याचा नमुना हवा होता. बायकोनं मन घट्ट करून कानातलं एक काढून दिलं. शुक्रवारी तपासनिसानं रजा टाकली, ते कानातलं वाफ्याच्या कडेला पुरलं आणि तिन्ही यंत्रं पाळीपाळीनं फिरवली. थोरली आरडाओरडा करणारी निघाली. बिल्डरनं जाताना उरलंसुरलं सामान अंगणातच गाडलं असावं, कारण तिच्या सांगण्यावरून खिळे निघाले, बिजागरी निघाली, आणि जिच्यावरून नवरा-बायको एकदा आठवडाभर बोलत नव्हते ती हरवलेली आमटीची डावही निघाली. मधली फार भिडस्त होती. वस्तू तिच्या नाकासमोर धरली तरच ती हळूच बोले. धाकटी हुशार होती, पण तिची नजर बोटभर मातीपलीकडे जात नव्हती.

दुपारी कानातलं परत काढताना तपासनिसाच्या मनात एक शंका आली. नमुना कुठे आहे हे त्याला आधीच माहीत होतं. मग ही कसली परीक्षा? नमुना दुसऱ्या कुणीतरी पुरायला हवा. बायकोचा उपयोग नव्हता, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसे. राहता राहिले आबा.

आबांना हे काम म्हणजे निवृत्तीनंतर पुन्हा खुर्ची मिळाल्यासारखं झालं. त्यांचा जन्म परीक्षा केंद्राचे प्रमुख म्हणून सीलबंद पाकिटं सांभाळण्यात गेला होता. स्वतःचा मुलगा त्यांच्या केंद्रावर परीक्षेला बसला, तेव्हा पेपर संपेपर्यंत ते त्याच्याशी जेवतानासुद्धा बोलले नव्हते. त्यांनी दोघांना न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली आणि खुरपं घेऊन अंगणात गेले. बऱ्याच वेळानं कडी निघाली. आबांचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते आणि चेहरा उजळला होता.

“पेपर काढलाय,” ते म्हणाले. “जरा अवघड झालाय. आता निकाल लागेपर्यंत मला कुणी काही विचारायचं नाही.”

शनिवारचा अख्खा दिवस शोधण्यात गेला. नळाजवळ लोखंडी पाइप होता, तिथे तिन्ही यंत्रं उगाच ठणाणा करत, म्हणून तेवढी जागा तपासनिसानं आधीच वगळली. बाकीचं अंगण नांगरून निघालं. शेजारीण भिंतीवरून डोकावून नवीन गटार काढताय का, असं विचारून गेली. टोमॅटोची रोपं आडवी झाली, पण अंगठी मिळाली नाही आणि कानातलंही मिळालं नाही.

“आधी एकच वस्तू गेली होती,” बायको म्हणाली. “आता दोन गेल्या.”

दुसरं कानातलं पुरून एक फेरी घ्यावी, असं तपासनिसाच्या ओठांवर आलं होतं. बायकोच्या डोळ्यांकडे बघून त्यानं ते गिळलं. निदान कानातलं कुठे आहे ते आबांना विचारा, असा तिनं हट्टच धरला, तेव्हा तो विचारायला गेला. आबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि वर्तमानपत्र पुन्हा वाचायला घेतलं.

रविवारी ताई वेळेच्या आधीच आली. बायकोनं रात्रभर घोकून ठेवलेली सारवासारव एका दमात केली. अंगठी उजळायला सोनाराकडे दिलीय, त्यानं आज बंद ठेवलंय, दोन दिवसांत पोचती करते. ताई म्हणाली, बरं केलंस, मळलीच होती. तपासनिसाच्या जिवात जीव आला. एवढ्यात आबा बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “काय रे, संपली का परीक्षा?”

आबांना तिथून कसंही करून हलवायचं होतं. तपासनीस घाईघाईनं म्हणाला, “संपली आबा. सगळे नापास.”

आबांनी समाधानानं मान हलवली, खुरपं उचललं आणि ते थेट नळाकडे गेले. पाइपाच्या बुडाशी थोडं उकरलं, काहीतरी धुतलं, आणि येऊन ताईच्या पुढ्यातल्या चहाच्या ट्रेमध्ये दोन वस्तू ठेवल्या.

“हे कानातलं, तू दिलेलं. आणि ही अंगठी, तू वाफ्यात आधीच पुरून ठेवलेली. खणताना हाताला लागली. म्हटलं, पोरगं बापालाच तपासतंय. मग दोन्ही नेऊन पाइपाला लावून पुरली. तिथे तू बघणार नाहीस, हे ठाऊक होतं मला.”

“अहो आबा, मग सांगायचं नाही का? शुक्रवारपासून आम्ही...” तपासनीस म्हणाला.

“परीक्षा चालू असताना?” आबांना हे मनापासून लागलं.

ताईनं अंगठीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. “तुझा सोनार नळापाशीच बसतो वाटतं,” ती म्हणाली. त्यासरशी बायकोला रडूच फुटलं. खरं काय ते तिनं हुंदके देत सांगून टाकलं. ताई रागावली नाही. तिनं अंगठी बोटात घातली, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा मागितला. ताई इतकी समजूतदार कधीपासून झाली, याचं तपासनिसाला जरा नवल वाटलं.

निघताना ताईला फाटकापर्यंत सोडायला आबा गेले. तिथे ताई त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी बोलली, आणि आबा गंभीरपणे मान डोलावत राहिले. तिची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत ते घरात परतले.

“सूनबाई, तुझ्या आईची ती साखळी लॉकरमध्ये नाही बरं का. ताईनं ती गेल्या वर्षीच गुलाबाच्या आळ्यात हरवलीय. मला चार दिवस शोधायला बोलावलंय. तुम्हाला सांगू नका म्हणाली.”

“अहो, मग सांगितलंत कशाला?” बायको म्हणाली.

आबा चप्पल काढता काढता थांबले.

“ही परीक्षा आहे, असं कुठे म्हणाली ती?”