गुलाबरावांची फडकी

केळझरच्या गुलाबराव मिस्त्रींना उचकी लागली तरी ते पाणी पीत नाहीत. आधी उचकी का लागली ते शोधतात. सकाळचा चिवडा, दुपारचं ताक, झुणक्यातली मिरची असे एकेक संशयित उभे करतात आणि तोवर उचकी आपली आपण निघून जाते. मग मात्र ते खट्टू होतात. "कारन न सांगताच गेली," म्हणतात.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे, हे माझं नशीब. ट्रकमालक घाईघाईने येतो, पिस्टन-लायनर मागतो, मी खोकं खाली काढतो, तेवढ्यात गुलाबराव दारात हजर. "काऊन घेऊन राह्यले? कारन समजलं काय?" खोकं परत वर. इंजिन कशाने गेलं ते कळल्याशिवाय एक नट विकू देत नाहीत. असा शेजारी कुणाला मिळू नये.

इंजिन खोलण्याची त्यांची रीतही न्यारी. जमिनीवर फुलाफुलांची चादर अंथरायची आणि निघेल तो पार्ट ओळीने तिच्यावर ठेवायचा. मालक आणि ड्रायव्हर दोघांनी समोर मुकाट बसायचं. "पहिले इंजन बोलन, मंग तुम्ही." चादरीवर कुणाची चप्पल पडली, तर इंजिन राहिलं बाजूला, आधी चपलेवर भाषण.

आणि फडकी. इतर गॅरेजांत हाताला येईल त्या चिंधीने पुसतात. गुलाबरावांकडची फडकी सिंधूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची केलेली. सगळी एका मापाची, कडा लाल दोऱ्याने शिवलेल्या. रोज संध्याकाळी वहिनी ती सोड्यात धुवायच्या, तारेवर वाळत घालायच्या आणि मोजायच्या. "एक कमी हाय जी!" अशी हाक आली की गुलाबराव बंद केलेलं इंजिन पुन्हा खोलायला बसत. एकदा सगळं उकलून झाल्यावर हरवलेलं फडकं त्यांच्याच कमरेला खोचलेलं सापडलं. वहिनींना हसून हसून ठसका लागला. अर्थात त्याचंही कारण शोधून झालं.

मग एका उन्हाळ्यात वहिनी तापाचं निमित्त होऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. तेरवी आटोपली आणि गुलाबराव गॅरेजात येऊन बसले. चादर तीच, बोलणं तेच. फडकी तेवढी तारेवर दिसेनात, डिझेलच्या डब्यात पडून असत. गडी सावरला, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर काही वर्षांनी वर्ध्याच्या एका कापूसवाल्या सेठचा ट्रक ओढत आणला. त्यात सेठने जुनं इंजिन विकत घेऊन बसवलं होतं, ते गाठी भरून जाताना रस्त्यातच जाम झालं. हिंगणीचा ड्रायव्हर शालिकराम मान खाली घालून उभा होता आणि सेठ तापला होता.

"बिना ऑइलची गाडी हाणली यानं! आता याले कोन गाडी देते, मीच पाह्यतो."

ही पोकळ धमकी नव्हती. आमच्याकडे ट्रकमालक सगळे एकमेकांचे ओळखीचे. एकाने नाव खराब केलं की ड्रायव्हर घरी बसला समजा. शालिकराम एवढंच म्हणाला, "मिस्त्री, मी रोज ऑइल पाह्यत होतो जी. लेकीची आन."

गुलाबरावांनी चादर अंथरली.

खालचा बोल्ट सोडला तर ऑइल भरपूर निघालं. आतली बेअरिंगं मात्र जळून काळी ठिक्कर. गुलाबरावांचे डोळे चमकले. "ऑइल हाय, पन वर गेलं नाई. काऊन गेलं नाई?" त्यांनी पंप उतरवला. ऑइल ओढणाऱ्या जाळीला काहीतरी काळं, चिकट लपेटलं होतं. ते त्यांनी अलगद सोडवलं, डिझेलात खळबळलं आणि उलगडलं. जांभळं कापड, पिवळा काठ, कडेला लाल दोरा.

मी बघताक्षणी ओळखलं. सेठला आणि शालिकरामला काय कळणार? "कोनाची तरी चिंधी" एवढं म्हटलं असतं तरी ड्रायव्हर सुटला असता आणि मिस्त्रीचं नावही शाबूत राहिलं असतं. म्हणा आणि मोकळे व्हा, असं मी मनातल्या मनात घोकत होतो.

"सेठ, हे फडकं माहं हाय," गुलाबराव म्हणाले. "हे इंजन मीच बांधलं असन कधी. फडकं आत राहून गेलं. शालिकची काई चूक नाई. मी बांधून देतो, सामानासकट. आन मालक लोकायले सांगजा, चूक गुलाबरावची होती म्हनून."

सेठने विचारलं, "पन मिस्त्री, तुमी तं एका फडक्यासाठी इंजन दोनदा खोलनारे. असं झालं कसं?"

जन्मभर जगाला कारण विचारणारा माणूस ते ओलं फडकं गुडघ्यावर पसरून त्याचा लाल दोरा चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोजनारी गेली ना जी."

शालिकराम तोंडावर गमछा धरून रडायला लागला. सेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी झाली की तूच घेऊन येजो," म्हणाला. मी दुकानात जाऊन कुणी न मागितलेले डबे उगाच खालीवर करत राहिलो.

त्या संध्याकाळी गुलाबरावांनी डब्यातली सगळी फडकी काढून सोड्यात धुतली, त्यात ते जांभळंही. तारेवर घातली आणि मोठ्याने मोजली. तेव्हापासून रोज मोजतात. मोजताना कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. नवी गिऱ्हाइकं हसतात, आपापसात खुणा करतात.

मोजून झालं की गुलाबराव गॅरेजमागच्या आपल्या घराच्या दाराकडे तोंड करतात आणि म्हणतात, "सारे हायेत वं."

मग जरा थांबतात. ते वळून आत गेले की मी माझं शटर ओढतो.