लळा लागू नये म्हणून

ज्या मुलाला आईबाप नाहीत, त्याला मार्गदर्शनाची नितांत गरज असते. आणि ज्या माणसाचं घरी कोणी ऐकत नाही, त्याला मार्गदर्शन करण्याची. या दोन गरजांची गाठ घालून देणाऱ्या आमच्या बालगृहातल्या जीवनकौशल्य उपक्रमाबद्दल जितकं चांगलं बोलावं तितकं थोडंच. (मी त्याच्या मूल्यमापन समितीवर आहे, त्यामुळे बोलतोच.)

इथे प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक मिळतो आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो. माणूस फार दिवस येत राहिला की लळा लागतो, आणि लागलेला लळा पुढे दोघांनाही जड जातो, असा अनुभव आहे (कोणाचा, ते अहवालात नाही). म्हणून मुदत संपल्यावर मार्गदर्शकाने मुलाशी कोणत्याही स्वरूपाचा संबंध ठेवायचा नाही. नव्या मार्गदर्शकाला कोरी फाईल मिळते, पूर्वग्रह नको म्हणून. तेव्हा तो पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. पहिला धडा ‘विश्वास कसा ठेवावा’, दुसरा ‘नजरेला नजर देऊन बोलणे’, तिसरा ‘हात धुणे’. तिसऱ्यापाशी तीन महिने भरतात. आमच्या मुलांचे हात विलक्षण स्वच्छ असतात.

मोठी ही उपक्रमाची सर्वांत यशस्वी लाभार्थी. (पाचव्या वर्षी ती इथे आली, तेव्हा त्या दिवशी आलेल्या दोघींत ती मोठी होती, तेच नाव राहिलं.) गेल्या तीन वर्षांत अकरा मार्गदर्शकांकडून ती अकरा वेळा विश्वास ठेवायला शिकली. नवव्यापासून पुढे, मार्गदर्शक अडखळला की तीच त्याला पुढचं वाक्य सांगायची. एका साहेबांचं बटण तुटलं होतं, ते तिने शर्ट अंगावर असतानाच शिवून दिलं. साहेबांनी फाईलमध्ये ‘शिवणकाम शिकवले’ अशी नोंद केली. पाहणीत ९३ टक्के मार्गदर्शक समाधानी निघाले. उरलेल्यांना गाडी लावायला जागा मिळाली नव्हती. मुलांचं समाधान पुढच्या टप्प्यात मोजायचं आहे.

भाजी निवडणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, वजनात मारणाऱ्या दुकानदाराला गप्प करणं, हे सगळं मोठी स्वयंपाकघरातल्या मावशींकडून शिकली. पण मावशींचं प्रशिक्षण झालेलं नाही, त्यामुळे त्याला कौशल्य म्हणता येत नाही. उलट तेरा वर्षांच्या लळ्याबद्दल त्यांना दोनदा लेखी समज देण्यात आली.

येत्या गुरुवारी मोठीला अठरा पूर्ण होतात. संध्याकाळी सहापर्यंत गादी आणि कपाटाची किल्ली जमा केली की ती स्वावलंबी होईल. शिलाईच्या कारखान्यात काम तिने स्वतःच मिळवलं. जवळच एक खोलीही पाहिली. खिडकी एकच, पण उघडते. घरमालकीण भली बाई. तिने एवढंच विचारलं, की तुला ओळखणारं कोणी मोठं माणूस आहे का.

“अकरा जण आहेत,” मोठी म्हणाली.

“एवढे काय करायचेत, बाई? एकाची सही आण या अर्जावर. फक्त स्वतःच्या घरात राहणारा बघ.”

मावशी राहतात संस्थेच्याच खोलीत; त्यांचा पत्ता तोच मोठीचा पत्ता, म्हणजे बाद. मग मोठीने अधीक्षकबाईंकडे अकरांपैकी कोणाचाही एक नंबर मागितला. बाईंनी मायेने समजावलं, की सही म्हणजे संबंध आला, आणि संबंध आला की इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

“मग बाई, चौथा धडा तेवढा सांगून टाका. तिथवर कोणी आलंच नाही.”

बाईंनी पुस्तिका काढली. चौथा धडा होता ‘अडचणीत कोणाला हाक मारावी’. खाली तीन कोऱ्या रेघा होत्या, आणि कंसात सूचना, की मार्गदर्शकाने मुलाशी चर्चा करून भराव्यात. बाईंनी पुस्तिका मिटली.

“हा परीक्षेला नाही गं,” त्या म्हणाल्या.

समितीकडे आलेला तो अर्ज सध्या माझ्या खिशात आहे. समितीच्या माणसाने सही केली तर मूल्यमापनाच्या निःपक्षपातीपणाला बाध येतो, त्यामुळे माझा नाइलाज आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही स्वतःच्या घरात राहता. मोठीला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे लळ्याचा प्रश्न मिटला. आणि तिच्याबद्दल आता तुम्हाला जेवढं माहीत आहे, तेवढं त्या अकरांपैकी एकालाही नव्हतं. पेन मी देतो.

घरी विचारून सांगता? विचारा, सावकाश विचारा. गुरुवार परवा आहे. बरं, एक पाच वर्षांची मुलगी नवीन आली आहे. तिच्या मार्गदर्शकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहून ठेवतो. त्याला काही घरी विचारावं लागणार नाही, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे.