चौथी ब गडाचा पाडाव

समस्त लेकरांचे कल्याण चिंतून, दप्तरांस वंदन करून, आणि खडूच्या धुळीने यथासांग शिंकून ही हकीकत लिहिण्यास आरंभ केला. पुढे कोणी पुसेल की चौथी ब हा बळकट गड शनिवारी मधल्या सुट्टीच्या आत कैसा पडला, तर त्यास खरे काय ते कळावे, आणि भलत्याच अफवा शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ नयेत, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे.

शाळेच्या दौलतीत इतिहासाच्या बाई आणि भूगोलाचे सर हे दोघे मातब्बर सरदार, आणि उभयतांत विळ्याभोपळ्याचे सख्य. बाईंचे म्हणणे, गड पडतात ते माणसांमुळे. सरांचे म्हणणे, गड पडतात ते पाण्यामुळे. आणि या वादापायी शिक्षकांच्या खोलीत चहा गार होऊ लागला. मग मुख्याध्यापकांनी जेरीस येऊन हुकूम काढला, की दोघांनी मिळोन एकच तास घ्यावा आणि वेढा म्हणजे काय ते पोरांस करूनच दाखवावे.

त्यावरून मसलत जाहली आणि सरंजाम सिद्ध जाहला. बाके ओढून वर्गाच्या कोपऱ्यात तट रचला, आणि निम्मी पोरे शिबंदी म्हणोन आत कोंडली, आणि निम्म्यांनी बाहेर मोर्चे लाविले, आणि दोघे दांडगे चौकीदार वर्गाच्या दारात उभे केले. गडाच्या पाठीशी खिडकी होती, तिजखाली सरांनी खडूने 'तुटलेला कडा' ऐसे लिहून फर्माविले, की या बाजूने मनुष्यप्राण्याचे येणे नाही. गडात पाण्याचा जग एकच ठेविला. तो रिता जाहला की गड पडणार, ऐसा सरांचा अदमास. आणि कायदा ऐसा ठरला, की शत्रूशी वा शिक्षकांशी बोलणे लावणे तर ते एकट्या किल्लेदाराने लावावे. इतरांनी ब्र काढू नये.

आणि किल्लेदारी दिली बिट्टीस.

हे ऐकोन बिट्टीच्या मातोश्रींच्या पायाखालची जमीन सरकली. या मातोश्री अखंडचिंतामग्न, पदवीधर, बालसंगोपनाच्या पुस्तकांत पारंगत. पालकांपैकी कोणी एकाने मदतीस यावे ऐसा बाईंचा निरोप येताच सर्वांआधी रुजू जाहलेल्या. त्यांचे दुखणे ऐसे, की बिट्टी घरी तोंडाची टकळी, परंतु वर्गात मुकी. शू लागली तरी बाईंस विचारणे नाही. कळ सोसून घर गाठावे, आणि दप्तर पाठीवर तैसेच ठेवून न्हाणीघरावर चाल करावी, आणि कैक वेळा जिन्यातच पराभव व्हावा. मातोश्रींनी हे गाऱ्हाणे बाईंच्या कानी वारंवार घातले, आणि बाईंनी दरवेळी "बोलेल हो ती, तुम्ही नका एवढं मनाला लावून घेऊ," ऐसा कौल देऊन त्यांस वाटेस लाविले.

मग घंटा जाहली आणि वेढा पडला. वेढेकरी मोठे कपटी. त्यांनी तटाशी मांड्या ठोकून आपापल्या बाटल्या उघडिल्या, आणि गडावरील लोकांस दिसेल ऐसे घटाघट पाणी पिऊन "आहाहा" ऐसा उच्चार केला. त्या उच्चारासरशी गडावर नसलेली तहान उत्पन्न जाहली आणि जग रिता जाहला. सरांनी विजयी मुद्रेने मिशीवरून हात फिरविला.

इकडे मातोश्रींस व्हरांड्यात धीर निघेना. लेकीचे ओठ सुकले ऐसे त्यांस दिसले, ते इतर कोणास दिसले नाही. मग त्यांनी मागचापुढचा विचार न करिता शिबंदीच्या बाटल्या व्हरांड्यातील कपाटावर काढून ठेविल्या होत्या, त्या समस्त ओटीत भरिल्या, आणि इमारतीस वळसा घालोन मागील अंगणात गेल्या, आणि माळीबुवांची बादली पालथी घालोन तिजवर चढल्या, आणि तुटलेल्या कड्यावरून गडात रसद पोहोंचविली.

"अहो, तिकडून येता येत नाही!" सर ओरडले.

"मग मी कुठून आले?" मातोश्री म्हणाल्या, आणि लेकीकडे वळोन, "पी गं राणी. अजून पी. संपव बघू सगळी."

बिट्टीने आज्ञा प्रमाण मानोन बाटली रिती केली, आणि शिबंदीनेही हात आखडता घेतला नाही. गडावर आबादीआबाद जाहली. पुढे जे होणार ते होऊ लागले. बिट्टीने वेणीचे टोक बोटास गुंडाळिले, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला. ही खूण मातोश्री ओळखीत होत्या. आपणच लेकीस खिंडीत गाठिले हे उमगोन त्या बादलीवरून उडी घेऊन, आपणच बाईंस सांगावे या इराद्याने वर्गाच्या दाराकडे धावल्या. तेथे चौकीदारांनी पट्ट्या आडव्या धरिल्या.

"काकू, तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

"अरे, मी तिची आई आहे!"

"हो, पण आई कुठल्या बाजूची?"

या सवालाचा जबाब कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. इतक्यात बिट्टी बाकावर चढली, आणि तिचे कान लाल जाहले, आणि तिने डोळे घट्ट मिटोन उभ्या वर्गास ऐकू जाईल ऐसा पुकारा केला:

"बाई! मला शूला जायचंय! आत्ता!"

बाईंनी गंभीरपणे पुसिले, की ही शरणागती समजावी काय.

"शरण-बिरण काही नाही. जाऊन येते. तोवर कुणी आत यायचं नाही!"

ऐसे बोलोन किल्लेदार तट ओलांडोन निघाली, आणि तिजमागे "मला पण, मला पण" करीत शिबंदी निघाली, आणि ज्यांनी घटाघट पिऊन दाखविले ते वेढेकरीही पट्ट्या टाकोन धावले, आणि उभय फौजा व्हरांड्यातून एकजुटीने शौचकूपांवर चालून गेल्या. गड ओस पडला, मोर्चेही ओस पडले.

"बघितलंत? माणसांमुळे पडला," बाई म्हणाल्या.

"पाण्यामुळेच पडला. जरा जास्त झालं, एवढंच," सर म्हणाले. तो वाद अद्याप चालू आहे.

मग बिट्टी ओले हात फ्रॉकला पुशीत परतली, तो मातोश्री दारातच उभ्या, डोळे भरलेले. बिट्टीने त्यांस हुकूम केला, "आई, तू घरी जा ना आता. आम्हाला गड परत लावायचाय."

येणेप्रमाणे किल्लेदार बिट्टी यांनी भरल्या वर्गात, खड्या आवाजात, आपल्या तोंडाने रजा मागून फत्ते केली, ती येथे रुजू केली असे. मातोश्रींनी बादली माळीबुवांकडे पोहोंचती करोन एकट्यानेच घराकडे कूच केले. फाटकाशी त्या थबकल्या आणि बराच वेळ वर्गाच्या खिडकीकडे पाहात राहिल्या. परंतु आत आल्या नाहीत, सबब ते या हकीकतीत धरिलेले नाही.