चंदगडच्या पुढं जायचं नाही

वर्धमान चौगुले निवृत्त झाल्यापासून शाहूपुरीतल्या घरी बसून रोज कॉम्प्युटरवर विमान उडवायचे. यंदा चातुर्मासात त्यांनी आणि चंदनाबाईंनी जोडीनं जैन मुनी महाराजांपुढं दिग्व्रत घेतलं. दिवाळीपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. चंदनाबाईंनी तो नियम विमानालाही लावला.

"खेळ हाय गं त्यो."

"मग खेळा की. पन जिल्ह्यात."

सिंगापूर गाठणारं विमान बिचारं शाहूवाडी-चंदगड करून एसटीसारखं परत यायला लागलं. नकाशावर ठिपके देऊन मार्ग आखला की ते आपोआप त्यावरून जायचं. त्या संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायच्या घाईत वर्धमानराव हद्दीवरच्या चंदगडनंतरचा घराकडचा ठिपका द्यायलाच विसरले.

हात धुऊन येतात तर पडद्यावर नुसतं धुकं. खाली चंदगडचं काळं रान आणि विमान नाकासमोर गोव्याकडं निघालेलं. त्यांनी टेबलावरचा विमान वळवायचा दांडा ओढला. विमान ऐकेना. नवा ठिपका दिला, तो आपला आपण पुसला गेला.

"चंदना! व्रत मोडतंय!"

"बटन बंद करा की."

"बंद केलं तर पडंल ते! आत मानसं असतील. हिंसा हुईल!"

इकडं आड, तिकडं विहीर आणि मध्ये मुंगीलाही वाट देणारा माणूस. चंदनाबाई पदराला हात पुसत आल्या.

"आत हाय तरी कोन, बगा."

वर्धमानरावांनी वैमानिकाची जागा पडद्यावर आणली. खुर्ची रिकामी होती. पुढचा दांडा मात्र कुणीतरी धरल्यासारखा सावकाश हलत होता.

"तुमी न्हाईच आत," चंदनाबाई म्हणाल्या. "तुमचं व्रत शाबूत. जाऊ दे त्याला गोव्याला." एवढं बोलून त्या बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग "भांडी घासतो मी" म्हणत स्वयंपाकघरात गेल्या.

वर्धमानरावांचा जीव भांड्यात पडला. तरी हिंसेची शंका नको म्हणून त्यांनी प्रवाशांच्या खुर्च्या बघून घेतल्या. सगळ्या रांगा रिकाम्या. शेवटच्या रांगेत तेवढी एक बाई, पाय वर घेऊन, खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेली.

"चंदना, गंमत बग! डिट्टो तुझ्यागत बसलीया!"

तिला बोलवायला ते उठून आत गेले. नळ चालू होता, चंदनाबाई नव्हत्या. साबण लावलेलं ताट तसंच पडलं होतं. मागच्या दाराला आतून कडी होती.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, स्पीकरमधून, आवाज आला. "अहो, तितं काय हुडकताय? विमान फिरवा की मागं! माजंबी व्रत हाय!"

वर्धमानराव पडत-झडत धावले. दोन्ही हातांनी दांडा धरून ओढला. या वेळी विमान निमूटपणे वळायला लागलं. धुकंही विरळ झालं.

"थांबा, थांबा!" स्पीकरमधून चंदनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "फिरवू नका एवड्यात. समुद्र दिसाय लागलाय."