मनोऱ्याची उंची पाच फूट दोन इंच

धोंडिबामामांनी उभ्या जन्मात कुणाच्याही घरात सरळ पाऊल टाकलं नाही. आधी घर डाव्या हाताला ठेवून एक पूर्ण फेरी, मग वाऱ्याकडे नाक करून उभं राहणं, मग डावीकडे बघणं, उजवीकडे बघणं, शेवटी वर बघणं, आणि मगच उंबरा. चहाला बोलवावं तर चहा निवून त्यावर साय धरायची. मोशीच्या एका लग्नात त्यांनी मांडवाला अशी फेरी धरली. वरपक्षाला वाटलं, पाहुणा रुसून चालला. चौघं समजूत घालायला मागे धावले, पण मामा कसले थांबतात? शेवटी ते चौघंही पुरी फेरी मारूनच पंगतीला आले.

वेड म्हणाल तर वेड. पण आमची धावपट्टी त्याच वेडावर चालली होती.

चिंचवडहून चाकणला निघालं, इंद्रायणी ओलांडली, की पुढे एक मुरमाड माळ लागायचा. लढाईच्या वर्षांत कुणीतरी तो सपाट केला आणि लढाई संपताच विसरून गेला. दर रविवारी पुण्याचे हौशी वैमानिक तिथे लहान विमानं उडवायला यायचे. मी आठवडाभर पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर, आणि रविवारी तिथे हातानं पंखा फिरवून इंजिन जागं करणारा. मुंबईच्या विमानतळाला मनोरा असतो, मनोऱ्यात विमानांना वाट दाखवणारा साहेब, साहेबाच्या कानाला यंत्र. आमच्या विमानांत बोलायचं यंत्रच नव्हतं, आणि मनोरा म्हणजे मामा. उंची पाच फूट दोन इंच, फेटा धरून साडेपाच.

पण नजर! खंडाळ्याच्या घाटात चिलट उडालं तर ते जेवलेलं आहे की उपाशी, हे मामा माळावरून सांगायचे. मी घाटात जाऊन खात्री करून घेतली नाही, एवढाच पुरावा कमी पडतो.

रीत मामांना तोंडपाठ होती. उतरण्याआधी माळाभोवती फेरी मारायची, सगळ्यांनी डावीकडेच वळायचं, आणि दोघं एकदम आले तर खालच्याचा मान पहिला. "आभाळाला बांध नसत्यात, म्हून रीत पायजे," असं ते विमान उडवायला येणाऱ्या मोठमोठ्या बॅरिस्टरांना सुनवायचे. देवळातही त्यांनी डावी फेरी धरली आणि समोरून येणाऱ्या भक्तांवर आदळले. सगळे एका अंगानं फिरले तर धडक होत नाही, असं त्यांनी पुजाऱ्याला समजावलं. पुजारी म्हणाला, तेच तर आम्ही हजार वर्षं करतोय, तुम्हीच उलटे आलात. तेव्हापासून मामा दारातूनच हात जोडत.

खुणाही त्यांच्याच. धावपट्टी मोकळी असली की ते कडेच्या दगडावर बसायचे, काही गडबड असली की उभे राहायचे. परक्या विमानांसाठी वैमानिकांच्या क्लबानं त्यांना लाल निशाण दिलं होतं, पण आमचे वैमानिक निशाणाकडे ढुंकून बघत नसत. मामा बसलेत? उतरा. मामा उभे? वर जा, आणखी एक चक्कर मारा. इतक्या वर्षांत आमच्या माळावर एका विमानाचं दुसऱ्याला बोट लागलं नाही. हे मी आजही छाती काढून सांगतो, आणि छाती मुळात माझी नाही, मामांची आहे.

एका दसऱ्याला विमानांना झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटले, आणि आमचे सगळ्यांत जुने वैमानिक देवधरसाहेब म्हणाले, "मामा, आज तुम्हाला वर नेणार."

"म्या वर गेल्यावर खाली कोन?"

मी आहे की, असं मी म्हणालो. मामांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "तुमचं तोंड चालू झालं की डोळं मिटत्यात." मग जरा घुटमळून साहेबांना म्हणाले, "कारभारणीला न्या."

सारजामामी भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी भाकरीचं फडकं मामांच्या हातात दिलं, पदर खोचला आणि कुणी दुसऱ्यांदा विचारायच्या आत विमानात बसल्या.

विमान होतं दुपंखी. वरचा पंख आत बसणाऱ्यांच्या डोक्यावर छपरासारखा, त्यामुळे वरचं काही दिसायचं नाही. देहूपर्यंत जाऊन ते परतलं, रीतसर फेरी मारून शेवटचं वळण घेतलं. मामा दगडावर बसले होते.

तेवढ्यात मुंबईच्या अंगानं एक परकं चकचकीत विमान आलं. ना फेरी, ना वळण, घुसलं ते सरळ. नेमकं देवधरसाहेबांच्या डोक्यावरून, त्याच रेषेत, खाली खाली. त्याचा पंख बसणाऱ्याच्या खाली. म्हणजे एकाला वरचं दिसेना, दुसऱ्याला खालचं. मधलं अंतर एका नारळाच्या झाडाएवढं उरलं.

मी ओरडलो, मामा, उभे राहा, निशाण दाखवा. मामा निशाण घेऊन अर्धे उठले, आणि तसेच थिजले. मला नंतर उमजलं ते त्यांना त्या क्षणी उमजलं होतं. ते उभे राहिले असते तर साहेब विमान वर घेणार, सरळ त्या परक्याच्या पोटात. आणि निशाण दाखवलं नसतं तर तो परका मामींच्या डोक्यावर बसणार.

मामा मटकन खाली बसले. चांगली मांडी घातली. आणि बसल्या जागेवरून त्यांनी ते लाल निशाण असं फिरवलं की माळावरचं गवत आडवं झालं.

परक्यानं लाल बघितलं, नाक वर केलं आणि आमच्या टोप्या उडवत निघून गेला. साहेबांनीही लाल बघितलं. पण मामा बसलेले होते. साहेब मुकाट्यानं उतरले.

विमान थांबलं तरी मामा निशाण हलवतच होते. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

मामी धुळीतून चालत आल्या. त्यांच्या डोक्यावर काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मामांनी फडक्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "वरनं आपलं घर दिसलं का?"

"घर कशाचं सापडतंय, समदं सारखंच," मामी म्हणाल्या. "तुमचा फेटा तेवढा वळखू आला. मंग म्या दुसरीकडं बघितलंच न्हाई."

मुंबईचं ते विमान आता रीतीनं, डावीकडून फेरी मारत होतं. त्याचा आवाज अगदी डोक्यावर आला. मामींकडे बघत बसलेल्या मामांनी मान वर केली नाही.